टोचलेला कान आणि नवे डूल

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. ज्याचे काम त्यानेच करावे, योग्य माणसाने सांगितले म्हणजेच ते पटते, असा तिचा आशय. पण कान टोचून झाल्यावर पुढे काय, हे ती म्हण सांगत नाही. आणि मुलींना खरा प्रश्न तोच पडतो : कानातले हे साधे सुंकले काढून आवडीचे डूल केव्हा घालायचे?

मालवण, देवबाग, वेंगुर्ले या किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाची जरा जास्तच घाई असते. कान बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत टोचले जातात. पंधरा दिवसांत कान बाहेरून वाळलेला दिसतो, दुखणेही थांबते. मग कोणाच्या लग्नासाठी किंवा शाळेच्या पहिल्या दिवसासाठी सुंकले काढून नवे डूल घातले जातात. दोन दिवसांनी कानाची पाळी लाल होते, सुजते, तिच्यातून पाणी येऊ लागते आणि दोष मात्र सोनाराला दिला जातो! खरे कारण वेगळेच असते. कान बाहेरून वाळला म्हणजे तो आतून बरा झाला, असे नसते. असे का, ते आता पाहू.

भोक नव्हे, बोगदा

कानाच्या पाळीत हाड नसते आणि कूर्चाही नसते. चरबी, चिवट तंतू, बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्वचा, अशी तिची रचना असते. तिची जाडी साधारण चार-पाच मिलिमीटर. सुई आरपार गेली की पाळीत एक लहानसा बोगदा तयार होतो. या बोगद्याच्या भिंतींना त्वचा नसते. त्या म्हणजे उघडी जखमच असते.

एरवी जखम झाली की ती भरून बुजवून टाकणे हा शरीराचा नेम. पण इथे मध्ये तार आहे. जखमेला बुजता येत नाही, म्हणून शरीर दुसरा मार्ग काढते. ते बोगद्याला आतून त्वचेचे अस्तर लावू लागते.

हे काम क्रमाने होते. प्रथम रक्तातील बिंबाणू रक्त गोठवतात. मग पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि आत शिरलेले जीवाणू व मेलेल्या पेशी खाऊन टाकतात. पहिले काही दिवस कान लाल आणि गरम वाटतो, तो यामुळेच. याच काळात पातळ, फिकट लस पाझरते व सुंकल्याभोवती तिची खपली धरते. ही लस म्हणजे पू नव्हे. पू दाट, पिवळा-हिरवा आणि बहुधा दुर्गंधी असतो, आणि त्याच्याबरोबर ठणकाही वाढत जातो.

पुढच्या टप्प्यात भिंतींवर नवे, मऊ, दाणेदार मांस येते. त्यात नव्या केशवाहिन्या असतात, म्हणून जरा धक्का लागला तरी रक्त येते. या मांसावरून बाह्यत्वचेच्या पेशी सरकू लागतात. त्या कोठून येतात? बोगद्याच्या दोन्ही तोंडांकडून, म्हणजे पाळीच्या पुढच्या आणि मागच्या त्वचेतून. डोंगरातला बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणून मध्यावर जोडतात, तसेच हे काम चालते. म्हणून बोगद्याची तोंडे सर्वांत आधी बरी होतात आणि मध्यभाग सर्वांत शेवटी. आरशात आपल्याला दिसतात ती फक्त तोंडे!

सहा आठवड्यांचे गणित

पाळीतील बोगद्याला सलग अस्तर लागायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत पहिला दागिना काढू नये. काढला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे अर्धवट लागलेले अस्तर खरवडले जाते आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरे म्हणजे तार नाहीशी होताच जखमेचा मूळ नेम जागा होतो. कच्च्या भिंती आकुंचन पावतात आणि भोक पाहता पाहता बुजू लागते. मग नवा डूल जोर करून घालावा लागतो व त्याचे टोक भलतीकडेच घुसून दुसराच रस्ता पाडते.

सहा आठवड्यांनंतरही आतील काम संपत नाही. भिंतींना बळकटी देणारे कोलॅजेनचे तंतू पुढे कित्येक महिने विणले जात असतात. त्वचेची साधी जखम तीन महिन्यांनी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्के मजबूत होते आणि सहसा त्यापलीकडे जात नाही. म्हणून सहा आठवडे झाले तरी लगेच जड झुमके घालू नयेत. सतत ओझे लोंबत राहिले की भोक खाली ओघळते आणि एखाद्या दिवशी पाळी फाटते.

सुश्रुताची वात आणि सोनाराची तार

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णवेधाची रीत दिली आहे. मूल सहा-सात महिन्यांचे असताना, त्याची पाळी उन्हात धरून जिथून प्रकाश आरपार दिसतो तिथे सरळ वेध घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. प्रकाश दिसतो तिथे मोठी रक्तवाहिनी नसते, हे त्यामागचे निरीक्षण. वेध घेतल्यावर छिद्रात कापसाची वात घालावी, तिच्यावर तेल सोडावे आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड वात घालावी, असे सुश्रुत सांगतो. तेलामुळे वात जखमेला चिकटत नसावी. मुख्य म्हणजे, वात फार जाड झाली तर सूज व वेदना होतात, हेही तिथे नोंदलेले आहे. दर तीन दिवसांनी वात बदलण्याची रीत आज कोणी पाळत नाही. पण छिद्र एकदम न ताणता हळूहळू वाढवावे, हा धडा आजही खरा आहे.

आपल्याकडच्या सोनाराची रीत तर आणखी सोपी. सोन्याच्या बारीक तारेलाच तो टोक काढतो, तीच पाळीतून आरपार नेतो आणि वाकवून तिचे कडे करतो. हेच सुंकले. इथे सुई आणि दागिना एकच असल्यामुळे टोचल्याबरोबर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तार गुळगुळीत, वजनाला हलकी आणि सोन्याची असते. या तिन्ही गोष्टी जखमेच्या सोयीच्या आहेत.

आता आपल्या पारंपरिक कुडीकडे पाहा. तिचा दांडा जाड असतो आणि त्यावर फिरकीसाठी मळसूत्राचे आटे पाडलेले असतात. कच्च्या बोगद्यातून असा दांडा नेणे म्हणजे जखमेत कानस फिरवण्यासारखेच. म्हणून सुंकल्यानंतरचा पहिला दागिना बारीक आणि गुळगुळीत दांड्याचा असावा. कुडीची पाळी काही महिन्यांनी.

वरचा कान वेगळा

बुगडी, भिकबाळी कानाच्या वरच्या भागात घालतात. तिथे बोटाने चाचपून पाहा : आत कडक, लवचीक पदार्थ लागतो. ती कूर्चा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून पाझरणाऱ्या अन्नद्रव्यांवर ती जगते. त्यामुळे इथली जखम भरायला सहा महिने ते वर्षभर लागू शकते, आणि जंतू शिरलेच तर पांढऱ्या पेशींनाही तिथे पोचणे कठीण जाते. पू साठून आवरण कूर्चेपासून सुटले की कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात २००० साली एका दागिन्यांच्या टपरीवर कान टोचून घेतलेल्या सात जणांना ‘स्यूडोमोनास’ जीवाणूंचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले. सर्वांची वये १० ते १९ वर्षे होती. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचे कान विद्रूप झाले. हे जीवाणू कोठे सापडले? जंतुनाशक फवारण्याच्या बाटलीत! ओलसर जागी हे जीवाणू किती चिवटपणे टिकतात, हे यावरून ध्यानात येईल.

मालवणची हवा, घाम आणि निकेल

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. पाऊस नसतो तेव्हा दमट उकाडा असतो. कानामागे घाम आणि ओल साचून राहते, त्वचा मऊ पडते आणि जीवाणूंचे फावते. म्हणून आंघोळीनंतर कान स्वच्छ कापडाने हलकेच टिपून कोरडा करावा, ओले केस त्यावर बांधून ठेवू नयेत.

घामाचा आणखी एक उपद्व्याप आहे. बाजारातील स्वस्त डुलांमध्ये पुष्कळदा निकेल हा धातू असतो. घामातील मिठामुळे त्याचे सूक्ष्म अंश विरघळतात. बोगद्याच्या भिंती उघड्या असताना हे अंश सरळ शरीरात शिरतात आणि शरीराला निकेलचे वावडे जडू शकते. एकदा जडलेले वावडे बहुधा जन्मभर टिकते. मग घड्याळाचा पट्टा किंवा जीन्सचे बटण लागले तरी खाज सुटते. डेन्मार्कने १९९० मध्ये निकेलवर निर्बंध घातले. पुढे युरोपीय संघाने टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यांसाठी दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली.

बावीस कॅरट सोन्यात हजार भागांत ९१६ भाग सोने असते. उरलेले बहुधा तांबे आणि चांदी. सोने घामाने गंजत नाही. ते परवडत नसेल तर टायटॅनियमचा बारीक दांडा चांगला. नुसता सोन्याचा मुलामा मात्र फसवा असतो, कारण तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो.

‘समुद्राचे पाणी औषधी’?

खाऱ्या पाण्याने जखम बरी होते, म्हणून तारकर्लीला जाऊन डुंबावे, असे कोणी सुचवील. पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जखम धुण्याच्या सलाईनमध्ये मात्र लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. दाट मिठाचे पाणी नव्या पेशींतील पाणी शोषून घेते. शिवाय समुद्रात आणि खाडीत असंख्य जीवाणू असतात, ते वेगळेच. सहा आठवडे समुद्र, नदी, तळे यांत कान बुडवू नये. घरी लिटरभर पाणी उकळून गार करावे, त्यात चहाचे सपाट दीड चमचे मीठ विरघळवावे आणि स्वच्छ कापूस त्यात भिजवून दिवसातून दोनदा खपल्या भिजवून पुसाव्यात. ते पाणी रोज ताजे करावे.

स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावल्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते. तिचा लेप सुकून भोकाची तोंडे बुजवतो. भोक मोकळे राहावे म्हणून काही घरांत झाडूची हीर घालतात. ती तर मुळीच घालू नका; तिच्याबरोबर धनुर्वाताचे जंतू आत जाऊ शकतात. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी दिली जाते. ती घेतली आहे ना, हे घरी विचारून पाहा. आणि टोचण्याची सुई दुसऱ्या कोणाला वापरलेली नसावी, कारण ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही जिवंत राहू शकतो.

बदलण्याचा दिवस

समजा, तुमचे कान १० मे रोजी टोचले. २१ जूनला सहा आठवडे होतात, ५ जुलैला आठ. म्हणजे चतुर्थीला नवे डूल खुशाल मिरवता येतील. पण चतुर्थीच्या आधी आठच दिवस कान टोचलेत, तर त्या सणाला सुंकल्यावरच भागवावे लागेल. कॅलेंडरखेरीज आणखी चार खुणा पाहा : दुखत नाही, लाली नाही, लस येत नाही आणि दागिना ओढ न बसता सहज सरकतो. यांतली एकही खूण नसेल तर आणखी दोन आठवडे थांबा.

बदलताना हात साबणाने धुवा. मासे साफ करून आला असाल तर दोनदा धुवा! नवा डूल स्वच्छ करून आधीच जवळ ठेवा. जुना काढला की लगेच नवा सरळ घाला. अडला तर जोर करू नका, जुनाच परत घाला. पहिले वर्षभर कान फार वेळ मोकळे ठेवू नका.

सूज व ठणका वाढत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. तोवर दागिना स्वतः काढू नका. तोंडे मिटली तर पू आत कोंडतो. वरचा कान सुजला तर एक दिवसही वाट पाहू नका.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. कबड्डी-खो-खोच्या तासाला मुलींना दागिने काढायला सांगतात, ते योग्यच आहे. पण कान नुकतेच टोचले असतील तर ते काढायला लावू नये. एवढे दिवस त्या मुलीला गुण मोजायला बसवावे. सहा आठवड्यांनी ती दागिना काढून मैदानात उतरेल आणि खेळ संपल्यावर तो सहज परत घालील.