साधन-अनुदान आणि कर्करोग संशोधन : क्युरी प्रयोगशाळेच्या एक ग्रॅम रेडियमचा अभ्यास

प्रस्तावना :
कर्करोगाच्या संशोधनात बुद्धी व परिश्रम यांच्याइतकेच महत्त्व साधनसामग्रीला आहे. ही सामग्री महाग असल्याने ती बहुधा अनुदान अथवा देणगीतूनच उपलब्ध होते. परंतु साधन मिळाले म्हणजे संशोधन अखंड चालेल, असे नाही. साधनाची मालकी कोणाची, त्याचा उपयोग किती जणांना होतो आणि मूळ संशोधकानंतर त्याचे काय होते, यावर अनुदानाचे यश अवलंबून असते. १९२१ साली मेरी क्युरी यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेस मिळालेल्या एक ग्रॅम रेडियमच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
मेरी व पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. मात्र ते वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. पुढे पॅरिस विद्यापीठ व पाश्चर संस्था यांनी मिळून रेडियम इन्स्टिट्यूट उभारली. तिचे बांधकाम १९१४ मध्ये पूर्ण झाले. तेथे भौतिकी व रसायन विभाग मेरी क्युरींकडे, तर जीवशास्त्र व वैद्यक विभाग क्लॉडियस रेगो यांच्याकडे होता. १९२० मध्ये अमेरिकन संपादिका मेरी मेलोनी तेथे गेल्या. त्या वेळी प्रयोगशाळेजवळ जेमतेम एक ग्रॅम रेडियम होते आणि तेही रुग्णालयांच्या उपचारासाठी वायू काढण्यात गुंतलेले होते. संशोधनास रेडियम उरत नव्हते आणि आणखी एक ग्रॅम घ्यावयाचे तर किंमत होती सुमारे १,००,००० डॉलर!

साधनाचे कार्य :
रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत निर्माण होतो. रेडियम निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात, तर रेडॉन सुमारे ३.८ दिवसांतच निम्मा होतो. त्यामुळे रेडियम प्रयोगशाळेतच सुरक्षित ठेवून वायू वेळोवेळी काढून घेता येई. तो बारीक काचनळ्यांत भरून रुग्णालयांकडे पाठविला जाई व त्या नळ्या गाठीजवळ ठेवून उपचार केला जाई. मुद्दल कायम ठेवून व्याज वापरावे, तसाच हा प्रकार होय. एकाच साधनाचा लाभ अनेक रुग्णालयांना मिळे, तो यामुळेच.

दानपत्राचा प्रश्न :
मेलोनी यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील स्त्रियांनी निधी जमविला आणि २० मे १९२१ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते व्हाइट हाउसमध्ये देणगी देण्याचे ठरले. आदल्या सायंकाळी दानपत्र वाचताना मेरी क्युरींच्या लक्षात आले, की ही देणगी त्यांच्या व्यक्तिगत नावे होती. तसे झाले असते तर त्यांच्या पश्चात रेडियम ही मुलींची खाजगी मालमत्ता ठरली असती. ते प्रयोगशाळेचेच राहावे, असा त्यांचा आग्रह होता. समारंभापर्यंतही न थांबता त्यांनी त्याच रात्री वकील बोलावून दानपत्रात बदल करून घेतला. १९३४ मध्ये मेरी क्युरी निवर्तल्या. प्रयोगशाळेचे काम मात्र चालू राहिले. त्याच वर्षी आयरिन व फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी याच संस्थेत कृत्रिम किरणोत्सारिता शोधली. कृत्रिम समस्थानिकांमुळे पुढे उपचारातील रेडियमची जागा कोबाल्ट-६० सारख्या द्रव्यांनी घेतली.

वॉर्सा येथील अनुभवही बोलका आहे. तेथील रेडियम इन्स्टिट्यूटची कोनशिला १९२५ मध्ये बसली, परंतु रेडियमविना केवळ इमारत व्यर्थ होती. १९२९ मध्ये अमेरिकेत पुन्हा निधी उभा राहिला. रेडियमची किंमत उतरल्याने या वेळी ५०,००० डॉलर पुरले आणि १९३२ मध्ये संस्थेचे उद्घाटन झाले.

निष्कर्ष :
१. साधन व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या मालकीचे असावे.
२. एका साधनाचा लाभ अनेक संशोधकांना व रुग्णालयांना मिळेल, अशी योजना प्रथमपासून असावी.
३. साधन हाताळणारे प्रशिक्षित मनुष्यबळ व सुरक्षिततेची तरतूद हा अनुदानाचाच भाग मानावा. रेडियमचे धोके पुरते न कळल्याने त्या काळातील संशोधकांना मोठी किंमत मोजावी लागली.

प्रमुख संशोधक निवृत्त होताच यंत्रावर आच्छादन पडत असेल, तर ते अनुदान व्यक्तीला मिळाले, विद्येला नव्हे. मेरी क्युरींनी एका रात्रीत करून घेतलेला बदल म्हणूनच आजच्या प्रत्येक अनुदान-प्रस्तावास मार्गदर्शक ठरतो.