उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

दोन-तीन दिवस गाडी जागेवरून हलली नाही की बॅटरी उतरते आणि सारा दोष तिच्याच माथी मारून नवी बसवली जाते. तीही उतरली, की मगच वायरिंगकडे लक्ष जाते. वास्तविक बंद गाडीतही घड्याळ, अलार्म व कंट्रोल युनिट थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो ५०० वर गेला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्ची पडतात. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांतच रिकामी होते.

तपासणीसाठी दरवाजे बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये १० अँपिअरच्या रेंजवर मल्टिमीटर जोडावा. कंट्रोल युनिट शांत होण्यास अर्धा तासही लागू शकतो. घाईने घेतलेला आकडा फसवा असतो. त्यानंतर एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजसरशी आकडा कोसळेल, त्याच सर्किटमध्ये चोर दडलेला असतो. डिकीचा न विझणारा दिवा किंवा बाहेरून बसवून घेतलेली म्युझिक सिस्टीम, हे नेहमीचे संशयित! सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्यावेत. मात्र मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नये. मीटरचाच फ्यूज उडतो.