‘शुगर फ्री’ केक म्हणजे लो-कार्ब केक नव्हे! मग डायबिटीस असलेल्यांनाही खाता येईल असा व्हॅनिला बर्थडे केक घरी कसा करायचा?

वाढदिवस ज्याचा, त्याने केक कापायचा, सगळ्यांना भरवायचा आणि स्वतः मात्र बोटाला लागलेलं क्रीम चाटून गप्प बसायचं. घरात कुणाला डायबिटीस असेल तर हे चित्र नवीन नाही. आणि अशी घरं थोडीथोडकी नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मग कुणीतरी तोडगा काढतं, “या वेळी शुगर फ्री केक आणू!” केक येतो, सगळे निर्धास्त होऊन दोन-दोन तुकडे खातात आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात. साखर नव्हती, तर साखर वाढली कशी?

‘शुगर फ्री’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

एफएसएसएआयच्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर ‘शुगर फ्री’ लिहायचं असेल तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. हा नियम साखरेबद्दल आहे, पिष्टाबद्दल नाही.

खरी मेख इथेच आहे. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ७५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं आणि ते जवळपास सगळं पिष्टच. पोटात गेल्यावर या पिष्टाचंही ग्लुकोज होतं. म्हणजे केकमधली साखर काढली तरी मैदा आपलं काम करतच राहतो. मैद्याऐवजी कणीक किंवा नाचणी वापरली तर फायबर वाढतं, पण कार्ब १०० ग्रॅममागे सत्तरच्या आसपास राहतातच. ‘हेल्दी’ म्हणून गूळ, मध किंवा खजूर घातले तरी रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फार फरक पडत नाही.

म्हणूनच लो-कार्ब केकमध्ये साखर आणि मैदा दोन्ही बदलावे लागतात. फक्त एकाची सुट्टी करून भागत नाही.

मग मैदा काढून बदाम घातले की झालं?

इतकं सोपं असतं तर पहिलाच केक फसला नसता. मैदा आणि साखर केकमध्ये नेमकं काय करतात, हे कळलं की अर्धी लढाई जिंकली.

मैद्यात ग्लुटेन असतं. पाणी लागलं की त्याचं जाळं तयार होतं, त्यात बेकिंग पावडरचा वायू अडकतो आणि केक फुगतो. पुढे उष्णतेने पिष्ट शिजून घट्ट होतं आणि फुगलेला केक तसाच उभा राहतो. बदामाच्या पिठात ग्लुटेन नाही, पिष्टही नावापुरतं. त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २१ ग्रॅम कार्ब असतात आणि त्यातलं निम्मं फायबर. केक उभा करण्याचं काम इथे अंड्यांना करावं लागतं, म्हणून या केकमध्ये अंडी जास्त लागतात. सोबतीला सत इसबगोल घातलं की ते पाणी धरून ठेवतं आणि केकचा चुरा होत नाही.

साखर तर गोडव्यापलीकडे बरंच काही करते. ती ओलावा धरून ठेवते, केक मऊ ठेवते, लोण्यात फेटताना हवा भरायला मदत करते आणि वरचा सोनेरी रंग आणते. साखरेऐवजी दोन थेंब स्टीव्हिया टाकला तर गोडवा येतो, पण बाकीची कामं करायला कुणी उरत नाही. केक बसका आणि कोरडा होतो तो यामुळे.

साखरेऐवजी काय वापरायचं?

घरगुती लो-कार्ब केकसाठी सध्या सर्वाधिक वापरलं जातं ते एरिथ्रिटॉल. ते साखरेसारखंच दाणेदार दिसतं, साखरेच्या साधारण ७० टक्के गोड असतं आणि रक्तातली साखर वाढवत नाही. शरीर ते शोषतं, पण बहुतांश तसंच लघवीवाटे बाहेर टाकतं. त्याला वजन आणि आकारमान असल्याने केकमध्ये साखरेची थोडीफार जागा भरून निघते.

त्याचे दोन दोष आहेत. जिभेवर पुदिन्यासारखा किंचित गारवा जाणवतो आणि केक गार झाल्यावर त्याचे पुन्हा खडे बनू शकतात. यावर उपाय म्हणजे ते मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक दळून घेणं आणि गोडवा कमी वाटला तर प्रमाण न वाढवता चिमूटभर स्टीव्हिया घालणं. व्हॅनिलाही मदतीला येतो, कारण त्याच्या वासाने पदार्थ आहे त्यापेक्षा जास्त गोड लागतो.

दुकानात लेबल वाचताना दोन नावांवर लक्ष ठेवा. पहिलं माल्टोडेक्स्ट्रिन. अनेक स्वीटनर पावडरींमध्ये ते भर म्हणून घातलेलं असतं आणि ते रक्तातली साखर साध्या साखरेपेक्षाही झपाट्याने वाढवू शकतं. दुसरं माल्टिटॉल. ‘शुगर फ्री’ चॉकलेटांत ते सर्रास असतं. साखरेइतकी नाही, पण तेही रक्तातली साखर वाढवतं आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं.

साहित्य (६ इंची टिन, १० तुकडे)

- बारीक बदाम पीठ – २०० ग्रॅम
- अंडी – ४ (फ्रिजमधून आधी काढून ठेवलेली)
- मऊ लोणी किंवा बटर – १०० ग्रॅम
- दळलेलं एरिथ्रिटॉल – १०० ग्रॅम
- फ्रेश क्रीम किंवा घरची साय – ४ मोठे चमचे
- सत इसबगोल, मिक्सरमध्ये दळून – १ चहाचा चमचा
- बेकिंग पावडर – दीड चहाचा चमचा
- व्हॅनिला इसेन्स – २ चहाचे चमचे
- चिमूटभर मीठ (बटर खारं असेल तर नको)

वरच्या थरासाठी: २५० ग्रॅम घट्ट चक्का, ४० ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, अर्धा चमचा व्हॅनिला.

बदाम पीठ विकत आणताना घटक नक्की बघा. ‘बदाम पावडर’ नावाने दुधात घालायची साखरयुक्त पावडरही मिळते. घरी करायचं असेल तर बदाम गरम पाण्यात घालून सोला, पूर्ण वाळवा, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून पिठाऐवजी बदामाचं लोणी होईल. शेवटी चाळून घ्या.

कृती

१. ओव्हन १६० अंश सेल्सियसला तापत ठेवा. टिनला लोणी लावून तळाशी बटर पेपर घाला.

२. लोणी आणि एरिथ्रिटॉल ३-४ मिनिटं फिकट, हलकं होईपर्यंत फेटा. मग एकेक अंडं घालत फेटत राहा. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर बदाम पीठ घाला, ते सावरतं. आता व्हॅनिला घाला.

३. बदाम पीठ, इसबगोल, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून त्यात मिसळा. शेवटी क्रीम घाला. मिश्रण मैद्याच्या केकसारखं ओतता येणार नाही, घट्टच असतं. पातळ करायला दूध वाढवू नका. टिनमध्ये चमच्याने सारखं पसरा.

४. ४० ते ५० मिनिटं भाजा. बदाम लवकर तांबूस होतो, त्यामुळे अर्ध्या तासानंतर वरून फॉइल झाका. मधोमध टोचलेली काडी स्वच्छ निघाली की केक झाला. कुकरमध्ये किंवा कढईत करत असाल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, पाणी घालू नका, टिन स्टँडवर ठेवा आणि आच मंदच ठेवा.

५. केक पूर्ण गार होईपर्यंत टिनमधून काढू नका. गरम असताना तो हमखास तुटतो. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला तर कापायलाही सोपा जातो.

क्रीम कुठलं लावायचं?

बेकरीच्या केकवर असतं ते वनस्पती तेलापासून केलेलं व्हिपिंग क्रीम बहुतेक वेळा आधीच गोड केलेलं असतं. खालचा केक लो-कार्ब आणि वरून साखरेचा थर, असा सगळा खटाटोप वाया जातो.

महाराष्ट्रातल्या घरात यावर तयार उत्तर आहे, ते म्हणजे श्रीखंडाचा चक्का. दही रात्रभर फ्रिजमध्ये टांगून ठेवलं की पाण्याबरोबर त्यातली थोडी दुग्धशर्कराही निघून जाते. हा चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढून त्यात एरिथ्रिटॉल आणि व्हॅनिला मिसळा आणि गार केकवर पसरा. त्याची फुलं किंवा नक्षी उभी राहणार नाही, पण गुळगुळीत पांढरा थर छान बसतो. वरून बदामाचे काप लावा. केक फ्रिजमध्येच ठेवा आणि वरचा थर शक्यतो त्याच दिवशी लावा.

एका तुकड्यात कार्ब किती?

हिशोब घरीच करता येतो. २०० ग्रॅम बदाम पिठातून फायबर वजा जाता साधारण २० ग्रॅम कार्ब येतात. अंडी, क्रीम, बेकिंग पावडर आणि इसेन्स मिळून ७, तर चक्क्यातून सुमारे १२. एकूण झाले ३९ ग्रॅम, म्हणजे १० तुकडे केले तर प्रत्येकी सुमारे ४ ग्रॅम.

आता नेहमीचा केक बघा. १५० ग्रॅम मैद्यातून ११२, तेवढ्याच साखरेतून १५० आणि आयसिंगच्या ५० ग्रॅम साखरेतून ५०. इथेच ३१२ ग्रॅम झाले. म्हणजे एका तुकड्यात ३० ग्रॅमहून जास्त.

कॅलरी मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच, तुकड्याला साधारण पावणेतीनशे. साखर-मैद्याची जागा बदाम आणि लोण्याच्या स्निग्धांशाने घेतलेली असते. त्यामुळे लो-कार्ब आहे म्हणून वजन वाढणार नाही, असं समजून चार तुकडे खाऊ नका.

अंडं चालत नसेल तर?

केक होतो, पण फुगवटा कमी आणि पोत थोडा भुसभुशीत. अंड्यांऐवजी पाऊण वाटी घट्ट दही, दोन मोठे चमचे दळलेलं इसबगोल आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घ्या. लोणी ६० ग्रॅमवर आणा. मोठ्या टिनमध्ये मध्यभाग कच्चा राहू शकतो, त्यामुळे कपकेकच्या साच्यात करणं सोयीचं. वाढदिवसाआधी एकदा करून बघितलेलं बरं.

कुणी, काय काळजी घ्यायची?

इन्सुलिन घेणाऱ्यांनी: नेहमीच्या केकच्या अंदाजाने जादा इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. कार्बचा आकडा आधी सांगा आणि डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा. उलट, साखर अचानक कमी झालीच तर हा केक कामाचा नाही. तेव्हा ग्लुकोज किंवा साधी साखरच लागते.

हृदयविकार असलेल्यांनी: अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. एरिथ्रिटॉलमुळेच हे घडतं, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. पण त्याच अभ्यासात ८ निरोगी व्यक्तींना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल दिल्यावर रक्तातली पातळी दोन दिवसांहून अधिक काळ चढलेली होती. या केकच्या एका तुकड्यात १४ ग्रॅम असतं, म्हणजे दोन तुकड्यांत जवळपास तेवढंच. तेव्हा हा केक वाढदिवसापुरताच ठेवा, रोज चहासोबत नको. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाहुण्यांसाठी: केकमध्ये बदाम आहेत, हे आधीच सांगा. सुक्या मेव्याची ॲलर्जी गंभीर असू शकते. आणि एरिथ्रिटॉलऐवजी झायलिटॉल वापरलं असेल तर घरातल्या कुत्र्याला एक घासही देऊ नका. माणसाला चालणारं झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी आहे.

चव मैद्याच्या स्पंजसारखी तंतोतंत येणार नाही. हा केक जरा जड आणि बदामी लागतो, मावा केकच्या जवळ जाणारा. पण त्यात काय आणि किती घातलंय, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे ज्याचा वाढदिवस आहे, त्यालाही आपल्या केकचा एक अख्खा तुकडा ताटलीत घेऊन बसता येतं.