ड्राइव्हवर लाल फुली, म्हणजे डेटा गेला?

“सर्व्हर उडाला, झेड ड्राइव्हवर लाल फुली आलीय!” होटगी परिसरातल्या सिमेंट वाहतुकीच्या ऑफिसांतून हा फोन बहुतेकदा जेवणाच्या सुट्टीनंतर येतो. सुट्टीत सर्व्हरशी जोडलेल्या त्या ड्राइव्हला कुणी हात लावलेला नसतो, आणि विंडोजचा सर्व्हर असं रिकामं पडलेलं कनेक्शन १५ मिनिटांनी आपणहून सोडून देतो. फुलीचा अर्थ एवढाच. सर्व्हर जागेवर, फायली जागेवर.

विश्वास नसेल तर मायक्रोसॉफ्टचं सपोर्ट पान वाचा. फुली दिसली तरी ड्राइव्ह उघडायला गेलं की जोडणी लगेच परत येते, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. आधी डबल क्लिक करा, हे किती वेळा सांगायचं! पण नाही. आधी आपला कॉम्प्युटर रीस्टार्ट, मग सर्व्हरही. शेजारच्या टेबलावर कुणी बिल्टी भरत असेल तर तिची नोंद तेव्हा अर्धवट राहते आणि दोष जातो फुलीच्या माथी.

एक गोष्ट मात्र त्याच पानावर कबूल केलीय: ड्राइव्ह सुटल्यावर काही जुने प्रोग्रॅम फाइल सेव्ह करू शकत नाहीत. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची खरी गोची इथं आहे. त्यांनी सर्व्हरवर ऑटोडिस्कनेक्टची किंमत उणे १ करून घ्यावी, म्हणजे कनेक्शन सुटणं बंद होतं.

सकाळी लॉगिन करताच ‘सगळे ड्राइव्ह जोडता आले नाहीत’ असं आलं? बऱ्याचदा वाय-फाय लागायच्या आधीच तुम्ही आत शिरलेले असता. जरा थांबा.

लिनक्सवर एनएफएस (नेटवर्कवरून फायली वाटण्याची सोय) अडकलं म्हणजे बिघडलं, हाही असाच समज. मूळच्या ‘हार्ड’ जोडणीत ते सर्व्हर परत येईपर्यंत मागणी पुन्हापुन्हा पाठवत राहतं. होटगी जंक्शनच्या आउटरला थांबलेली गाडी घसरली असं कुणी म्हणतं का? ‘सॉफ्ट’ करून टाका म्हणणाऱ्यांनी एनएफएसचं मॅन्युअल उघडावं. सॉफ्टमुळे काही वेळा डेटा गुपचूप खराब होऊ शकतो, असा इशारा त्यात आहे.

विंडोज १० टाकल्यावर जुना नॅस (नेटवर्कवरचा फायली साठवायचा डबा) दिसेनासा झाला, तरी तो मेलाय असं नाही. २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून बऱ्याच नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ (विंडोजची फायली वाटण्याची जुनी पद्धत) मुळात येतच नाही. नॅसवर एसएमबी २ चालू करा. एसएमबी १ परत सुरू करायला सांगणाऱ्याला त्याच वर्षीचं वॉनाक्राय रॅन्समवेअर कुठून शिरलं होतं ते विचारा.