जुन्या तसबिरींची साक्ष

छायाचित्र खोटे बोलत नाही अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. आणि माजघराच्या भिंतीवरून उतरविलेली, किंवा ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिका व पावत्यांच्या जुडग्यात सापडलेली एखादी तसबीर हाती आली की, तीत जे दिसते तेच पूर्वजांचे यथातथ्य रूप असे गृहीत धरून कुलवृत्तान्ताचे लेखक निःशंकपणे पाने भरू लागतात. वस्तुतः तसबीर हा दस्तऐवज आहे, आणि कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे तो कोणी, केव्हा, कोणत्या साधनांनी केला याची शहानिशा झाल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

सर्वांत फसवी साक्ष रंगाची. पणजोबा काळी पगडी बांधीत, पणजी कपाळी काळा टिळा लावीत, आणि सगळे घराणेच वर्णाने सावळे होते, असे कित्येक घरांतून सांगितले जाते, आणि त्याला आधार म्हणून तसबीर दाखविली जाते. परंतु एकोणिसाव्या शतकातील कॅमेऱ्यात वापरल्या जाणाऱ्या, रसायनाचा ओला लेप दिलेल्या काचा जवळजवळ केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना हिरवा-पिवळाही दिसू लागला, तथापि तांबडा त्यांना दिसतच नसे. आणि सर्व रंग ग्रहण करणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा १९०६ च्या सुमारास विक्रीस आल्या, तरी गावोगावच्या स्टुडिओंत त्या रुळण्यास पुढे बराच काळ जावा लागला. परिणाम असा की, लाल पगडी काळी उतरे, कुंकू काळे उतरे, गव्हाळ वर्ण काळवंडून येई, आणि उलट गडद निळे लुगडे पांढुरके दिसे. असे पांढुरके लुगडे पाहून एखाद्या सुवासिनीला विधवा ठरविण्यापूर्वी भिंग घेऊन तिचे कपाळ आणि गळा निरखावा. भुवयांच्या मध्ये काळा ठसठशीत ठिपका आणि मंगळसूत्राचे मणी दिसले की ते लुगडे निळे असण्याचा संभव बराच वाढतो. त्या काळी ब्राह्मण घरांतील केशवपन केलेल्या विधवा तांबडे आलवण नेसत, आणि ते तर तसबिरीत काळेच येणार.

पूर्वीची माणसे हसत नसत, कारण कॅमेऱ्यापुढे मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसावे लागे, ही समजूतही अर्धवटच खरी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली तेव्हा तसे होते खरे. पण १८८० नंतर कोरड्या काचा प्रचारात आल्या आणि स्टुडिओतील बैठक काही सेकंदांवर आली. त्यानंतरचे गांभीर्य रसायनशास्त्राने लादलेले नव्हे. तसबीर काढवून घेणे हा कित्येकांच्या आयुष्यात एकदाच येणारा समारंभ होता, आणि समारंभास साजेशी मुद्रा धारण करणे हा शिष्टाचार होता. त्यावरून ती माणसे कठोर किंवा दुःखी होती असे अनुमान काढणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तसबिरीतील नक्षीदार खुर्ची, तिपाईवरचे जाडजूड पुस्तक, मागचा संगमरवरी खांब आणि बगीचा यांवरून घराण्याच्या वैभवाचा अदमास बांधणेही असेच धोक्याचे. खांब आणि बगीचा पडद्यावर रंगविलेले असत, खुर्ची स्टुडिओची असे, आणि पुस्तकही बहुधा तिथलेच. मात्र वैभवाचा तो पुरावा नसला, तरी त्याच वस्तू काळ ठरविण्यास अमोल ठरतात: तोच गालिचा, तोच खांब दुसऱ्या एखाद्या घराण्याच्या तारीखवार तसबिरीत आढळला, तर दोन्ही एकाच स्टुडिओत, थोड्याफार अंतराने काढलेल्या आहेत असे मानण्यास जागा मिळते. सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच अशा जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली, खालच्या कडेस सोनेरी अक्षरांत स्टुडिओचे नाव असलेली तसबीर हाती आली तर ते नाव आणि पत्ता आधी टिपून घ्यावा. मुंबईचा स्टुडिओ असल्यास जुन्या डिरेक्टऱ्यांतून तो त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता हे पाहता येते.

घरंदाज स्त्रियांच्या तसबिरी निघतच नसत, असेही ठामपणे सांगितले जाते. पडदा आणि संकोच होता हे नाकारता येत नाही. परंतु निजामाच्या मुलखात, सिकंदराबादेस, छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडून त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली होती, ती मागणी असल्यावाचून खासच नव्हे.

आता पाठीमागची अक्षरे. मागे नाव लिहिले आहे म्हणजे प्रश्न मिटला असे वाटते, आणि येथेच सावधगिरी हवी. ‘कै.’ असे लिहिलेले असेल तर ती ओळ त्या व्यक्तीच्या पश्चात लिहिली गेली, कदाचित तसबिरीनंतर चाळीस वर्षांनी, आणि बॉलपेनने लिहिली असेल तर बहुधा स्वातंत्र्योत्तर काळातच. त्याहून मोठी गफलत नात्यांची. एकत्र कुटुंबात मुले आपल्या आईस धाकट्या दिराच्या अनुकरणाने ‘वहिनी’ म्हणत, वडिलांस ‘अण्णा’, ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हणत; तेव्हा मागे ‘वहिनी, नाशिक’ एवढेच असेल तर ती लिहिणाराची भावजयही असेल आणि जन्मदात्री आईही असेल. लिहिणारा कोण, हे हस्ताक्षर जुन्या पत्रांशी ताडून ठरविल्याखेरीज त्या शब्दावर वंशवृक्षाची फांदी काढू नये. अक्षर मोडी असले तर हताश होण्याचे कारण नाही. मोडी शिकविणारे वर्ग आजही चालतात. नाव हाती आल्यावर शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे फेरफार, आणि त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्याशी त्याची रुजुवात करावी.

पिवळेपणावरून वय ठरवू नये, एवढे थोडक्यात सांगतो: तपकिरी छटा पुष्कळदा मुद्दाम दिलेली असे, आणि नीट न धुतलेली तसबीर थोड्या वर्षांतही पिवळी पडते. अशी तसबीर स्वच्छ करून जपण्यासाठी ओल्या कापसाने पुसणे आणि लॅमिनेशन करणे हे दोन्ही उपाय घातक आहेत. काचेस चिकटलेली तसबीर ओढून न काढता काचेतूनच तिची प्रत घ्यावी.

राहिली शेवटची समजूत, की आमचे सर्व गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या असंख्य घरांतील कागदपत्रे वाहून गेली, आणि तेव्हापासून शोध थांबविलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. पण स्टुडिओतील तसबिरीच्या अनेक प्रती काढून त्या आप्तांस पाठविण्याची चाल होती, आणि आपण शोध घेतो तो बहुधा आडनावाच्या सरळ रेषेतच. आजीच्या माहेरी, आत्यांच्या सासरी, मावशीच्या नातवंडांकडे चौकशी करावी; लेकीने सासरी जाताना आईवडिलांची तसबीर बरोबर नेली असेल, तर ती आज वेगळ्याच आडनावाच्या घरात, कदाचित बेळगावास किंवा इंदुरास, सुरक्षित असेल.