कर्ज फिटलं, तरी वऱ्हाड गहाणच

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी, आणि 'तुझी वऱ्हाडी फार पळते रे' म्हणणाऱ्या माझ्या पुण्याच्या मित्रांसाठीसुद्धा. बोलताना जे अर्धवट राहिलं, ते इथे जरा नीट केलंय.

आजचा प्रश्न असा: वऱ्हाडातल्या माणसाला इंग्रजांचं राज्य नको का वाटलं? मिठाचा सत्याग्रह, चले जाव हे आपण शाळेत वाचलं. पण आपल्या अमरावती-अकोल्याकडे ही गोष्ट नेमकी कुठून सुरू होते?

मला हा विषय दिवाळीत सापडला. चांदूर बाजारला घरी गेलो होतो. ओसरीवर काकाजी म्हणाले, "काही म्हण, इंग्रजाईनं रेल्वे आणली, कोर्ट आणलं, जमीन मोजली. नाई तं आपण अजूनही बंडीतच फिरलो असतो."

मी वाद घालायला लागलो. बाबा गप्प होते. त्यांचं डोकं बगीच्यात होतं. ताईच्या लग्नासाठी पैसे हवे होते, म्हणून यंदा आंबिया बहार फळ लहान असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकला. इसार घेतला, सही केली. नंतर भाव चढला. मी म्हटलं, "बाबा, हे तर फसवणंच झालं." ते म्हणाले, "फसवलं कसं? सही म्याच केली ना. जबरदस्ती थोडीच होती."

हे वाक्य लक्षात ठेवा. वऱ्हाडाची सगळी गोष्ट त्यात आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टम बंद पडली की दोन गोष्टी वेगळ्या काढतो. शेवटचा धक्का कशाने बसला हे एक, आणि मुळात बिघाड कुठे होता हे दुसरं. तसंच करू. आधी मूळ.

वऱ्हाड इंग्रजांनी लढाईत जिंकून आपल्या राज्याला जोडलं नव्हतं. ते निजामाकडून कर्जापोटी घेतलं. १८०० च्या तहाप्रमाणे निजामाने युद्ध झालं तर इंग्रजांना फौज पुरवायची होती. प्रत्यक्षात 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज शांततेच्या काळातही कायम ठेवली गेली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या तिजोरीतून. तिजोरीला तो झेपेना. कंपनीने पैसे दिले आणि ते कर्ज म्हणून निजामाच्या नावावर लिहिले. आकडा गेला सुमारे ५० लाखांवर. मे १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि वऱ्हाडासह काही मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. कागदावर मालक निजाम, वसुली इंग्रजांची.

आता गंमत बघा. १८६० मध्ये नवा तह झाला. ५० लाखांचं कर्ज रद्द. धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत. वऱ्हाड? ते फौजेच्या खर्चासाठी ठेवून घेतलं. म्हणजे कर्ज संपलं, गहाण सुटलं नाही. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवायला पुढे खूप खटपट केली. हाती काही लागलं नाही.

१९०२ मध्ये कर्झनने विषयच मिटवला. वर्षाला २५ लाख रुपये भाडं आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर. दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं. आणि ज्या फौजेच्या नावाने हे सगळं झालं, ती फौजही त्याच सुमारास इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. कर्ज नाही, फौज नाही, तरी मुलूख त्यांच्याकडेच. निजामाचीही सही होती बरं का. जबरदस्ती थोडीच होती!

पण यात एका पार्टीला कोणी विचारलंच नाही. इथे राहणाऱ्या, नांगरणाऱ्या, सारा भरणाऱ्या माणसाला.

इंग्रजांना वऱ्हाड सोडवत का नव्हतं? उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे: कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याने कापूस वाढवला, सावकाराने हात सैल केला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. कर्ज मात्र कोसळत नसतं. ते तिथेच राहिलं.

रेल्वे आली ती याच काळात. १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत लाइन गेली. मग लगेच दोन छोटे फाटे: खामगाव आणि अमरावती. दोन्ही कापसाच्या मोठ्या बाजारपेठा. पुढे आपल्या अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आली, तीही मुख्यतः कापसासाठी. काकाजींना मी एवढंच म्हटलं, की रेल्वे आली हे खरंच आहे. पण नकाशात रूळ कुठून कुठे जातात ते बघा. शेतातून बाजार, बाजारातून मुंबई बंदर.

कापूस बाहेर गेला आणि कापड आत आलं. हिंदी गिरण्यांनी टक्कर द्यायला सुरुवात केली, तेव्हा १८९६ मध्ये सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात आहे ना, मग लँकेशायरला त्रास नको, म्हणून इथल्यावरही तेवढाच. स्वतःच्या देशातल्या मालाला परक्या मालाइतकाच कर! दादाभाई नौरोजी सांगत होते, की इथली संपत्ती सतत बाहेर वाहून जाते आहे. वऱ्हाडात ते समजायला पुस्तक लागत नव्हतं. जिनिंगच्या दारात उभं राहिलं तरी पुरे.

मग दुष्काळ: १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९००. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली.

ही झाली कारणं. पण नुसत्या हालातून चळवळ उभी राहत नाही. हे असं का, आणि त्याऐवजी काय हवं, हे सांगणारा विचार लागतो.

डिसेंबर १८९७. काँग्रेसचं तेरावं अधिवेशन, आपल्या अमरावतीत. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. तीनच महिन्यांपूर्वी टिळकांना 'केसरी'तल्या लिखाणावरून राजद्रोहाची शिक्षा झाली होती. तेव्हाची मागणी आज मवाळ वाटेल: आमचे प्रतिनिधी घ्या, आमच्या पैशाचा हिशेब द्या, लिहिल्याबद्दल तुरुंगात टाकू नका. पण आत एक मोठी कल्पना होती. ज्याच्याकडून कर घेता, त्याला विचारलं पाहिजे.

१९१६ पर्यंत ती पुढे गेली. टिळकांच्या होमरूल लीगच्या क्षेत्रात वऱ्हाडही होतं. आता मागणी 'चांगला कारभार करा' अशी नव्हती, 'कारभार आम्हीच करू' अशी होती. फरक समजतोय ना? चांगला सावकार मागणं वेगळं आणि सातबारा आपल्या नावावर मागणं वेगळं.

१९३० मध्ये हा विचार गावात उतरला. गांधीजी दांडीला मीठ उचलतात. आपल्याकडे समुद्र कुठे? पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ बनवून कायदा मोडला. जुलैमध्ये पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतली. गवत! काय मोठं त्यात? पण ज्याची बैलजोडी चाऱ्यावाचून उभी आहे त्याला विचारा. काल जे गवत गावाचं होतं, ते आज परवान्याशिवाय कापलं तर गुन्हा. स्वराज्य म्हणजे काय, हे विळ्याने समजावलं.

आणखी एक गोष्ट, नाहीतर भाग अपुरा राहील. १९२७ मध्ये अमरावतीतच अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा सुरू होता. पंजाबराव देशमुख त्यात होते, आणि नोव्हेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. त्यांचा प्रश्न सरळ होता: इंग्रजाला 'आम्हाला का विचारलं नाही' म्हणता, मग तुम्ही शेजाऱ्याला देवळाबाहेर ठेवताना कोणाला विचारलं? माझ्या मते वऱ्हाडातला स्वातंत्र्याचा सगळ्यात कठीण विचार हाच. तो इंग्रज गेल्यावरही संपला नाही.

आणि १९३६ चा किस्सा ऐका. इंग्रजांनी निजामाशी पुन्हा करार केला आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. कारभार इंग्रजांचा, किताब हैदराबादचा. वऱ्हाडी माणसाला तेव्हाही विचारलं नाही.

परत ओसरीवर येतो. हे सगळं मी सांगितलं तेव्हा काकाजी म्हणाले, "म्हणजे रेल्वे वाईट?" नाही हो. रेल्वे वाईट नाही, कोर्टही वाईट नाही. सौदा वाईट होता, कारण एक बाजू गरजेत होती आणि तिसरी बाजू खोलीतच नव्हती.

बाबा एवढा वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मृगाचा सौदा करू तं तुयी मायही बसन संगं. तिलेही इचारू." पस्तीस वर्षं बगीच्यात राबणाऱ्या आईला पहिल्यांदाच कोणी हे म्हणत होतं. आई आतून म्हणाली, "आता आठवलं काय?"

पुढच्या भागात १९४२: आष्टी आणि चिमूर. तुमच्या घरी त्या काळातले सारापावतीचे, सावकाराचे, जंगल परवान्याचे कागद असतील तर जपून ठेवा आणि मला कळवा. फेकू नका. वाळवी लागली असेल तर आधी फोटो काढा.

भेटू, मंडळी.