भिंतीला भोक, फुप्फुसात धूळ

उन्हाळा लागला की एसी बसवणाऱ्यांची धावपळ सुरू होते. तांब्याच्या नळ्या बाहेर काढायला भिंतीला साधारण अडीच इंची भोक लागते. पूर्वी छिन्नी-हातोडीने विटेच्या भिंतीत ते पाडले जाई. अ‍ॅल्युमिनियम शटरिंगच्या नव्या इमारतींत मात्र आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. तिथे कोअर कटिंगवाल्याला बोलवावे लागते. अर्ध्या तासाचे काम. पण मशीनला पाण्याची नळी लावली आहे की नाही, हे सहसा कोणी पाहत नाही.

कोअर मशीनचे पाते म्हणजे पोलादी नळकांडे. त्याच्या कडेवर हिऱ्याची बारीक भुकटी बसवलेले तुकडे असतात. हिरा काँक्रीट कापत नाही, घासून झिजवतो. मधला दंडगोल तसाच बाहेर येतो. घासताना तापलेले पाते पाण्याने थंड होते, आणि झिजलेले काँक्रीट धूळ न होता चिखल होऊन वाहून जाते. पण राहत्या घरात पाणी नको, फरशी-फर्निचर खराब होईल, असे घरमालकच सांगतो. मग सुके पाते लागते आणि खोली पांढुरकी होते.

या धुळीत वाळूतून आलेला क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण पाच मायक्रॉनच्या आतले. ते दिसत नाहीत आणि झाडू मारला की पुन्हा हवेत उठतात. वायुकोशातल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात सूज येते, व्रण धरतात, फुप्फुस कडक होते. हाच सिलिकोसिस. बहुतेकदा तो दहा-वीस वर्षांनी उघड होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. अशा फुप्फुसाला क्षयाचा धोकाही जास्त, त्यामुळे खोकल्यावर क्षयाचे उपचार चालतात आणि धुळीचा विषय निघतच नाही. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्येच सिलिकाची धूळ कर्करोगकारक ठरवली.

अर्थात, एका भोकाने घरच्यांना सिलिकोसिस होत नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षे रोज भोके पाडणाऱ्याला. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला. अमेरिकेने २०१६ मध्ये आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. स्टँडवर बसवलेल्या, स्वतःची पाण्याची सोय असलेल्या कोअर मशीनला त्याच नियमांत मास्कची सक्ती नाही, इतका पाण्याचा उपयोग होतो. आपल्या जुन्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. पण बांद्र्याच्या फ्लॅटमध्ये भोक पाडणारा कारखान्यात कुठे असतो?

भोक कुठे पाडायचे हे एसीवाल्याने ठरवू नये. कॉलम-बीमला हात लावायचा नाही आणि काँक्रीटच्या भिंतीसाठी आधी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरची संमती घ्यायची. सळ्या आणि विजेच्या नळ्या स्कॅनरने शोधता येतात. स्लॅबला भोक असेल तर खालची खोली रिकामी करावी: सहा इंची स्लॅबमधून सुटलेला चार इंची दंडगोल जवळपास तीन किलोचा असतो.

पाणी घरात पसरू नये म्हणून पात्याभोवती रबरी कडे बसवून व्हॅक्युमने चिखल ओढता येतो. ते नसेल तर खाली प्लास्टिक आणि बादली. हा चिखल अल्कधर्मी असतो, उघड्या हातांना भाजतो. हातमोजे घालून ओला असतानाच भरून घ्यावा. संध्याकाळपर्यंत बाल्कनीत तसाच राहिला तर तो वाळतो, आणि सकाळी झाडूवालीच्या नाकासमोर पुन्हा धूळ होते.